धबधब्याला थांबा

मे महिना. भुसावळ सत्तेचाळीसवर.
कूलरमध्ये तिसरी बादली ओतून
मी आलेखाचा कागद पसरतो जेवणाच्या टेबलावर.
आडवी वेळ, उभी स्टेशनं.
बत्तीस वर्षं असेच चार्ट ओढले
डीआरएम ऑफिसच्या मागल्या खोलीत:
निळी मेल, तांबडी पॅसेंजर,
आणि दीपनगरचा कोळसा काळ्या रेघेत, जो कधीच वेळेवर नसायचा.
आज डाव्या कडेला, खंडवा-बडनेऱ्याच्या जागी,
लिहिलं ऑस्लो, फिन्से, मिर्डाल, बर्गन.
जीभ अडखळते. पेन्सिल नाही अडखळत.
तिरकी रेघ कुठल्याही देशात तिरकीच.

झांबरे ड्रायव्हर येऊन बसतात संध्याकाळी,
मांडीवर टॉवेल, हातात ताक.
मिर्डालहून खाली फ्लोमला उतरते ती लाईन
अठरात एक, मी सांगतो.
ताक मिशीतच थांबतं.
"कसारा सदतिसात एक. तरी मागून बँकर लावायचो आम्ही.
अठरात एक गाडी उतरत नाही साहेब, पडते."
बराच वेळ गप्प.
मग: "ब्रेक कुठला आहे त्यांचा, विचारून ठेवा."

त्याच लाईनवर, वेळापत्रकात छापलेला,
एक थांबा आहे पाच मिनिटांचा.
गाव नाही. क्रॉसिंग नाही. कुणाची सासुरवाडी नाही.
नुसता धबधबा.
लोकांनी उतरावं, बघावं, थोडं भिजावं, परत चढावं.
मी तो आकडा तीनदा तपासला.
माझ्या टेबलावर यायचे थांब्यासाठी अर्ज,
आमदारांची पत्रं, सरपंचांचे शिक्के,
एकदा एका शाळेतल्या सगळ्या पोरांच्या सह्या
दोन मिनिटांसाठी.
मी लिहायचो, व्यवहार्य नाही.
अक्षर चांगलं होतं माझं.

द्वारका गच्चीवरून वाळलेले बिबडे घेऊन खाली येते.
तिला नकाशा नको, खिडकी कुठली ते हवं.
डावीकडची, बर्गनला जाताना.
मग दुसरा कागद: स्टॉकहोमहून रात्रीची गाडी,
किरुना, नार्विक,
लोखंडाची माती भरलेल्या मालगाड्या सारख्या धावतात तिथं.
"म्हंजे तठे बी भुसावळच से," अमळनेरच्या तोंडानं.
जूनमध्ये तिकडे सूर्य मावळतच नाही म्हटल्यावर
बिबडा हातात तसाच धरून:
"मंग सांजना दिवा कव्हय लावाना?"
मी सगळे कागद उलटेपालटे केले.

खर्चाचा कागद वेगळा आहे. तो मी पालथा ठेवलाय.

मिर्डालला गाडी बदलायची.
मधे अकरा मिनिटं. तरण्या माणसाला भरपूर.
तिचा उजवा गुडघा
आपल्या स्टेशनच्या पुलाला नऊ घेतो,
मी मोजलीत, तिला न सांगता.
जंक्शनच्या अलीकडे आम्ही थोडी रिकामी वेळ पेरून ठेवायचो,
रिकव्हरी टाईम.
रडतखडत आलेली गाडीही मग वेळेवर आल्यासारखी दिसायची.
अकराची रेघ खोडली. पुढची गाडी धरली.
दोन तास.
बाकावर बसू, दशम्या सोडू,
बर्फ काय करतं ते बघू.

लग्नानंतर पाचोऱ्याहून जामनेरला
आम्ही छोट्या गाडीनं गेलो होतो.
एका वळणावर ती इतकी दमली
की मी उतरलो, बांधावरच्या बोरीची ओंजळभर बोरं तोडली,
आणि चालत चालतच परत चढलो.
गार्डानं हिरवी झेंडी दाखवता दाखवता
एक बोर मागून घेतलं.
आता ती गाडी नाही. त्या वळणाचा चार्ट
मी कधी ओढलाच नव्हता.

रात्री मालगाडी जाते, भांडी किणकिणतात.
घड्याळाकडे बघायची सवय गेलेली नाही.
दिवा मालवून पडतो तोवर अंधारातून:
"तठे बोरं ऱ्हातस का?"
थांब, बघतो, म्हणत
मी पुन्हा दिवा लावला.